डाव्या हाताचं स्वेटर

परवा भावाच्या मुलीचं बारसं होतं, शिरूर अनंतपाळला. लातूरहून सकाळच्या एसटीनं निघाले. पर्समध्ये एक छोटंसं पिवळं स्वेटर... आयुष्यात पहिल्यांदा स्वतः विणलेलं.

मी डावखुरी. सातवीत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम होतं. मी डाव्या हातानं विणायला घेतलं की बाई सुईच बोटांवर मारायच्या. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरंच केलं. सवय तरी मोडंल." सवय मोडली नाही, विणकाम तेवढं सुटलं...

यंदा शेजारच्या शकुंतलाकाकूंना भीत भीत म्हटलं, मला शिकायचंय, पण मी डावखुरी आहे. त्या म्हणाल्या, "मग बाजूला कशाला बसलीस? समोर बस. आरशात बघितल्यासारखं कर."

एवढंच होतं ते! सुरुवातीला टाके निसटायचे, कितीदा सगळं उसवलं. पण सुलटा टाका जमला, मग उलटा... चाळिशीत का होईना.

बारशाच्या घरी आईनं स्वेटर हातात घेतलं. आतून-बाहेरून निरखलं. "लई नाजूक हाय गं. कुठून घेतलंस?"

"मीच विणलंय."

आईचा चेहराच उतरला. "कोणत्या हातानं?"

तिनं स्वेटरची घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिली. "आज नाव ठेवायलोत लेकराचं. शुभाच्या दिवशी डाव्या हाताचं नको."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. भाऊ दारातच उभा होता. त्यानं ऐकलं... आणि पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेला.

परत निघताना मी स्वेटर उचलून पर्समध्ये टाकलं. "राहू दे" असं कुणीही म्हणालं नाही.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला उठवणं, अंघोळ घालणं, घास भरवणं, सगळं मीच केलं. तेव्हा तिनं कोणता हात, हे विचारलं नव्हतं...

घरी आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी स्वेटर उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाल्या, "एकबी टाका चुकला न्हाई बघ तुझा."

काकूंचे उपकार मी विसरणार नाही. पण खरं सांगू? हे वाक्य मला आईच्या तोंडून ऐकायचं होतं.