ढिगाऱ्याजवळ नुसतं बसायचं

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. मागे एकदा हे ऐकताना एकाला असा ठसका लागला, की मला शर्ट बदलावा लागला. आणि शर्टांचाच तर हा सगळा घोळ आहे!

तर मंडळी, पस्तिशी ओलांडल्यावर मला कळलं की मी आळशी नाही, मला एडीएचडी आहे. म्हणजे दहा कामं एकदम सुरू होतात आणि एकही संपत नाही. शाळेत मास्तर हेच छडी मारून सांगायचे, समुपदेशक मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, एवढंच!

मॅडम भल्या. त्यांनी सोप्या युक्त्या दिल्या. मोठं काम बघून छातीत धडधडतं? मग ते झाकून ठेवा, थोडं थोडंच बाहेर काढा. आवाजानं लक्ष उडतं? कानात बोळे घाला. उजेड टोचतो? पडदे ओढा. आणि एकट्यानं कामाला हातच लागत नसेल, तर कोणाला तरी शेजारी बसवा. त्यानं मदत करायची नाही, बोलायचं नाही. नुसतं बसायचं.

मला हे फार आवडलं. माझ्या बायकोला, शिल्पाला, अजिबात नाही.

"मंगेश, कपडे तुझे, काम तुझं, अन् बसायले दुसरा माणूस?" हिंगण्याच्या कंपनीची बस पकडायला निघता निघता ती म्हणाली. "संध्याकाळी माझे दादा-वहिनी येऊन राहिले. दिवाणावरचा ढिगारा आवरला, तर तुझ्या मॅडम खऱ्या. नाही आवरला, तर उद्यापासून मॅडम बंद, अन् माझं ओरडणं सुरू!"

आता बघा, प्रश्न कपड्यांचा राहिलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला न ओरडता काम करायला शिकवत होतं. ते मला गमवायचं नव्हतं, खरंच सांगतो.

मी थेट शेजारच्या डेकाटे काकांना गाठलं. काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. जन्मभर कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघत गप्प बसले. याहून लायक माणूस कुठे मिळणार?

"काका, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काहीही झालं तरी!"

"आग लागली तरी?"

"तरी!"

"बरं गा," म्हणाले आणि आले.

मग मी तयारीला लागलो. दिवाणावरचा ढिगारा उतरवून हॉलमध्ये चटईवर लांबलचक मांडला. घसरू नये म्हणून एका टोकाला गोल तक्क्या लावला. वरून पांढरी चादर घातली. पडदे ओढले, पण उकाडा होता म्हणून दार उघडंच ठेवलं. कानात बोळे घातले, दाराकडे पाठ केली आणि मान खाली घालून चादरीखालून एकेक कपडा ओढून घड्या घालायला लागलो. बाजूला काका. पांढरा सदरा-पायजमा, गंभीर चेहरा, हात मांडीवर.

तुम्हाला दिसलं ना चित्र? मला नाही दिसलं!

समोरच्या सुलभाकाकू दारावरून चालल्या होत्या. पुढचं सगळं मला नंतर कळलं.

"अहो, काय झालं?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी ओठावर बोट ठेवलं.

"कोण गेलं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे, त्यालाच विचारा.

नेमका त्याच वेळी मी आईची हिरवी साडी छातीशी धरून तिची घडी घालत होतो. आई आमच्याकडेच राहते. आदल्या दिवशी ती बहिणीकडे कोराडीला गेलीय, हे सुलभाकाकूंना कुठे माहीत? झालं!

थोड्या वेळानं मी मान वर केली, तर हॉल अर्धा भरलेला. सगळे जमिनीवर बसलेले, सगळे गप्प. मला काय वाटावं? काकांनी माझ्यासाठी अख्खी गल्ली आणून बसवली! असं भरून आलं म्हणून सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. मी सगळ्यांना हात जोडले. एका वहिनींनी तोंडाला पदर लावला. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. कोणीतरी उदबत्ती लावली. मी म्हटलं, वा, काय वातावरण तयार केलं! आणि सपासप घड्या घालत सुटलो.

"धक्का बसला पोराले," मागे कुजबुज चालली होती म्हणे. "मायचे कपडे आवरून राहिला बिचारा."

कोणीतरी शिल्पाला फोन लावून "असशील तशी ये" एवढंच सांगितलं.

तेवढ्यात कोराडीच्या बसनं आई परत आली. दारात चपलाच चपला, आत चादर, पोरगा समोर धडधाकट. तिनं रीतीप्रमाणे डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यात मागे सुलभाकाकूंच्या शेजारी टेकली.

"कोण गेलं वं?" तिनं हळूच विचारलं.

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मंग्याची माय गेली नं बाई."

आई हादरली. "काय सांगतं! मले तर कोणी सांगितलंच नाही!"

काकूंनी मान वळवली. मग अशी किंकाळी फोडली, की माझ्या कानात बोळे असून नसल्यासारखे झाले!

कोणीतरी चादर ओढली. खाली माझे मोजे, बनियन, पँटी. आई माझ्यावर धावून आली, "काय गा मेल्या, मले जितेपणीच पोचवून राहिला का?" बाकीचे काकांवर तुटून पडले, "तुम्ही काहून बोलले नाही?" काकांनी पुन्हा ओठावर बोट ठेवलं.

मी रडकुंडीला येऊन सगळं समजावलं. मॅडम, युक्त्या, शिल्पाची धमकी, सगळं. आधी कोणीतरी एक फिसकन हसलं, मग अख्खा हॉल हसला. आणि आमच्या गल्लीचं मन बघा, कोणी उठेचना! "आता आलोच आहो तर बसतो," म्हणाले. आईनं चहा टाकला आणि मी एवढ्या लोकांसमोर उरलेला ढिगारा संपवला.

शिल्पा धापा टाकत आली. सासू चहा पितेय, दिवाण रिकामा, घड्यांचे मनोरे रांगेत. तिनं आ वासलेला बघून मी छाती फुगवली.

"बोल, मॅडम खऱ्या की नाही?"

ती हसली. खरंच हसली हो! वरचा शर्ट कौतुकानं उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच थांबली.

"मंगेश, धुतलेले कपडे गच्चीवर वाळून राहिले. हे तर मशीनमध्ये टाकायचे होते."

आता मात्र हॉलमध्ये खरी शोकसभेची शांतता पसरली. आधारासाठी मी काकांकडे पाहिलं.

"काका, आता तरी काही बोला!"

काकांनी घसा साफ केला.

"वास तर मले पहिल्या शर्टापासूनच येऊन राहिला होता गा. पण तूच म्हणाला होता नं, काहीही झालं तरी बोलायचं नाही!"