भागाबाईचा अर्थ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एवढं काय त्यात, अशी स्वतःची समजूत घालत आलो — पण एवढं काही नव्हतं, तर लपवलं कशाला?

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. श्रावणात देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अर्थ माझ्याकडे. आवाज बरा आहे, चार संस्कृत शब्द येतात, बाकी उसनं अवसान. गावाला तेवढं पुरतं.

डोंगरावरच्या वाडीतली भागाबाई आमच्याकडे म्हशीचं दूध घालायची. अक्षरओळख नव्हती, पण पोथी कधी चुकवली नाही. एका सकाळी किटली ओट्यावर ठेवून ती आदल्या दिवशीच्या अध्यायावर बोलायला लागली. शिकारी राजाचा बाण नदीवर पाणी भरणाऱ्या मुलाला लागतो, आणि मग राजाच ते पाणी घेऊन मुलाच्या आंधळ्या आईबापांकडे जातो — तो अध्याय. मी त्यावर कर्माचं फळ वगैरे ठरीव बोललो होतो.

ती म्हणाली, "गुरुजी, आंधळ्याला पाऊल कळतं. माझी सासू आंधळी व्हती, लांबनं सांगायची कोन आला. त्या म्हातारा-म्हातारीला पयल्या पावलालाच कळलं असेल, हा आपला पोर नाय. तरी ती गप रायली. त्यानं आपल्या तोंडानं सांगावं म्हनून."

शाळेत असल्यापासून जन्मभर ती गोष्ट सांगत आलो — मला हे का सुचलं नाही?

महिन्याभरात महाडला माझं प्रवचन होतं. तिथे मी हे सांगितलं. आंधळ्या सासूच्या जागी शेजारचे आजोबा घातले. तेवढी हुशारी केली. शाल मिळाली, नारळ मिळाला, ते बोलणं मोबाइलवर गावभर फिरलं. तिचं नाव घ्यायला जीभ का रेटली नाही? घेतलं असतं, तर कुणी शाल परत मागितली असती का?

पुढच्या श्रावणात तोच अध्याय आला. मी अर्थ सांगितला, माना डोलल्या. तेव्हा बायकांमधून भागाबाई शांतपणे म्हणाली, की हे तिनंच मला सांगितलं होतं. हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "गुरुजींचं गुरुजींनाच विकतेस काय गो?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सांगा ना गुरुजी. तुमच्या ओट्यावर कोन बोललं व्हतं?"

मी चष्मा पुसला आणि वाचणाऱ्याला म्हणालो, "पुढची ओवी घ्या."

हेच ते. विसरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. दूध घालणाऱ्या बाईनं मला पोथी शिकवली, हे चारचौघांत म्हणायची लाज वाटली — आणि तिचा हेवाही वाटत होता. दूध ती घालत राहिली, पण किटली पायरीवर ठेवून तशीच वळायची. पोथीला पुन्हा आली नाही.

गेल्या वर्षी ती वारली. तेराव्याला मुंबईहून आलेला तिचा मुलगा मला न्यायला आला, पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, आईला तो आंधळ्या आईबापाचा अध्याय लय आवडायचा. तुमचा तो अर्थ आज घरात सांगा."

तिनं पोटच्या पोरालाही काही सांगितलं नव्हतं.

मी वाडीवर गेलो. मांडी घालून बसलो, तिचे लोक समोर बसले. आणि मी सांगितला — माझा म्हणून.