त्रेचाळीसावं बिऱ्हाड

अमेरिकाबाई अमेरिकेला कधीच गेल्या नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता, आणि विमानात बसायचं नुसतं म्हटलं तरी त्या हात जोडायच्या. पण दोन-चारशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत कोण कुणाशी कशावरून भांडलं, हे त्या शेजारच्या खोलीतलं भांडण सांगावं तसं सांगायच्या. आजच्या अमेरिकेत मात्र त्यांना काडीचा रस नव्हता. चाळीतल्या कुणाचा मुलगा न्यू जर्सीला निघाला की त्याचे आईवडील पेढे घेऊन यायचे, "बाई, तुमच्या अमेरिकेला चाललाय." बाई पेढा तोंडात टाकून म्हणायच्या, "माझी अमेरिका यादवी युद्धापाशी संपते. पुढचं मला विचारू नका."

माटुंग्याच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. लालबागला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला त्यांची खोली होती. आमची खोली म्हणाल तर जिन्याखाली. वडील चाळीचा पाण्याचा पंप चालवायचे, म्हणून जुन्या मालकाने त्यांना ती जागा दिली होती. पावती नाही, कागद नाही, तोंडी सगळं. वडील गेले, पंप आपोआप चालणारा आला, आणि आई जिने-गॅलऱ्या धुवायला लागली. चाळीत तिला सगळे जिन्याखालच्या मावशी म्हणायचे.

बारावीला मी इतिहासात काठावर पास झाले. बाईंना कळलं, त्यांनी गॅलरीतून हाक मारली. "काठावर उभी आहेस म्हणजे अजून पडू शकतेस. उद्यापासून वर ये." पुढची पाच वर्षं, म्हणजे माझं एम.ए. होईपर्यंत, मी रोज संध्याकाळी दोन जिने चढून जात होते. फी वगैरे विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर म्हणायच्या, "लसूण सोलून दे." इतका लसूण सोललाय मी त्या घरात, की अमेरिकेच्या राज्यघटनेच्या कुठल्याही प्रश्नाला माझ्या नाकात आधी तो वास येतो.

बाई चाळ कमिटीच्या अध्यक्ष होत्या आणि कमिटीची सभा दार लावून कधी घेऊ द्यायच्या नाहीत. कारण काय, तर फिलाडेल्फियाला राज्यघटना लिहायला बसले तेव्हा त्या लोकांनी ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बाईंना त्या बंद खिडक्यांचा फार राग. "घामाने निथळले, पण लोकांना ऐकू दिलं नाही," असं त्या दरवर्षी तितक्याच रागाने सांगायच्या. मग आमच्या सभा गॅलरीत व्हायच्या, आणि कमिटीतल्या सातजणांपेक्षा ऐकणाऱ्यांचाच गोंगाट जास्त. रस्त्याकडच्या बाजूचे परबकाका वैतागून म्हणायचे, "बाई, ही सभा आहे की मासळीबाजार?" "मासळीबाजारात माणसाला निदान भाव तरी कळतो," बाई म्हणायच्या.

तसंच सह्यांचं. अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या एका जहाजावरच्या लोकांनी जमिनीवर उतरण्याआधी एक कागद केला होता, की आपण सगळे मिळून नियम करू आणि ते पाळू. बाईंचा हा लाडका प्रसंग. तळमजल्याच्या नळावर बायकांची जुंपली तेव्हा बाईंनी वेळापत्रक लिहिलं आणि प्रत्येकीची सही घेतली. "आधी सही, मग पाणी." माझ्या आईला सही येत नव्हती. तिने अंगठा दिला. बाई म्हणाल्या, "चालेल. कबूल आहे ना? मग झालं."

पण बाईंचा खरा तास होता तो पाच गुलामांचा. घटना लिहिताना दक्षिणेच्या जमीनदारांना आपले गुलाम लोकसंख्येत मोजून हवे होते, कारण डोकी वाढली की सभागृहात जागा वाढतात. उत्तरेचे म्हणाले, मोजता कसे, तुम्ही तर त्यांना माणूस धरत नाही. शेवटी तोड निघाली. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. हे सांगताना बाईंचा आवाज खाली यायचा. "मोजायला घेतले, मत द्यायला नाही. आणि ही मंडळी कोण, तर अकराच वर्षांपूर्वी सगळी माणसं समान म्हणून जगाला सांगणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मग लसणाची पाकळी उचलून मला विचारायच्या, "का केलं त्यांनी असं?" उत्तर मला पाठ होतं. देश एकत्र राहावा म्हणून गुलामीचा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला. "आणि पुढे?" पुढे पाऊणशे वर्षांनी, यादवी युद्धात, नातवंडा-पणतवंडांनी एकमेकांना गोळ्या घातल्या.

मग आमच्या चाळीचा पुनर्विकास निघाला. लालबागमध्ये आता प्रत्येक चाळीचं हेच चाललंय, त्यात नवल नाही. बिल्डर आला, पाहणी झाली, आणि घर मिळणाऱ्यांची यादी करायचं काम बाईंनी घेतलं. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, म्हणून टाइप मी करत होते. त्यांनी हाताने लिहिलेले दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पाहणीच्या कागदावर एकूण बिऱ्हाडं त्रेचाळीस. आकडा जितका मोठा तितकी इमारत मोठी होणार होती, म्हणून बाईंनी एकेक दार मोजलं होतं. दुसरा कागद नावांचा. परबकाकांनी घरोघरून गोळा करून दिलेल्या भाडेपावत्यांवरून उतरवलेला. त्यात नावं बेचाळीस.

मी दोनदा मोजलं. मग खाली येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "गप ऱ्हव. त्यांनी तुका शिकयल्यानी, आता त्यांचीच चूक काढतलंस?" मी तीन दिवस गप्प राहिले. चाळ पाडली की आम्ही कुठे जाणार, हे आम्हा दोघींपैकी कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. मला आईची भीती वाटत होती त्याहून जास्त बाईंची वाटत होती. त्या रागावतील म्हणून नव्हे. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

चौथ्या दिवशी वर गेले आणि म्हणाले, "बाई, मोजताना त्रेचाळीस आहेत. नावं बेचाळीस आहेत."

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. शेवटच्या नावापाशी बोट थांबलं. मग त्या म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे." बस, एवढंच. मला म्हणाल्या, आज जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्याकडे आल्या. त्यांचे गुडघे गेलेले, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरल्या. आमचं दार बुटकं होतं, वाकून आत यायला लागायचं. त्या वाकल्या, आत आल्या, आणि आईने पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या. आई नुसती पदर सारखा करत उभी. बाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी या जिन्याने वर-खाली करतेय. तुमच्या डोक्यावरून. आत आज पहिल्यांदा आले." आई म्हणाली, "असांदे हो बाई, चाय करू?" बाईंनी चहा घेतला. मग पर्समधून कागद काढला आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." आईने माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होते, तर बाई म्हणाल्या, "तू नाही. त्या सांगतील."

सभा गॅलरीतच झाली. बाईंनी आधी आपली चूक सांगितली, सगळ्यांदेखत, काही न झाकता. परबकाका वाईट माणूस नव्हे, पण पावतीचं खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं. "पावती नाही त्याला घर दिलं, तर उद्या कुणीही येऊन उभा राहील. आणि बाई, आमची रस्त्याकडची बाजू आहे, भाव तिलाच आहे. तुमचं हेच चालणार असेल तर आम्ही वेगळे होतो. आमचा बिल्डर आम्ही बघू." टाळ्या पडल्या. मी माझ्या बाईंना ओळखत होते. चाळ एक राहावी म्हणून त्यांनी नळापासून गणपतीपर्यंत काय काय सोसलं होतं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, हे नंतर बघू.

त्या म्हणाल्या, "वेगळं व्हायचं तर व्हा, मला दुःख होईल. पण त्रेचाळीस मोजून बेचाळीसांच्या कागदावर मी सही करणार नाही. नंतर बघू म्हणणाऱ्यांचं काय झालं, ते मी तीस वर्षं शिकवलंय."

दीड वर्ष काम अडलं. अध्यक्षाच्या सहीवाचून बिल्डर हलेना, आणि बाईंना अध्यक्षपदावरून काढायला पुरेशी मतं जमेनात. लोक बाईंशी बोलायचे बंद झाले. ज्यांच्या मुलांना त्यांनी शिकवलं होतं तेही जिन्यात तोंड फिरवायचे. आईने तर जिने धुताना मान वर करणं सोडलं. बाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, त्या दोन-दोन आठवडे खाली उतरत नव्हत्या. त्यांना नव्या इमारतीतल्या लिफ्टची सगळ्यांत जास्त गरज होती, हे आख्ख्या चाळीला माहीत होतं. परबकाकांनाही.

शेवटी परबकाकाच नवी यादी घेऊन त्यांच्या दारात आले. त्रेचाळीसावं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. "पटलं म्हणून नाही बाई," ते म्हणाले, "दमलो म्हणून." बाई म्हणाल्या, "इतिहासात बरंचसं असंच झालंय. बसा, चहा घ्या."

नवी इमारत होईपर्यंत राहायला आम्ही शिवडीच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेलो. तिथे बाईंना तळमजल्यावर खोली मिळाली, आमच्या दोन दारं पलीकडे. आई त्यांना सकाळी पेज करून द्यायची, मालवणी पद्धतीची, आणि त्या ती चवीने खायच्या. तब्येत मात्र खालावत गेली. एका दुपारी त्यांच्याजवळ बसले असताना मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, माझ्यामुळे तुमचं दीड वर्ष फुकट गेलं."

बाई रागावल्या. आजारपणातही त्यांना नीट रागावता यायचं. "तुझ्यामुळे कसलं? यादी पहिल्यांदाच बरोबर लिहिली असती तर एक दिवससुद्धा लागला नसता. उशीर माझा आहे. दुसऱ्याच्या चुका घेऊ नकोस अंगावर." मग म्हणाल्या, "आणि फुकट नाही गेलं."

इमारतीचा शेवटचा स्लॅब ओतला त्या महिन्यात बाई गेल्या. किल्ल्या मिळायला आणखी वर्ष लागलं. बाईंचं घर त्यांच्या पुतण्याला गेलं, त्याने ते भाड्याने दिलंय. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. दारावर पाटी आहे, आईच्या पूर्ण नावाची. मी आता एका कॉलेजात इतिहास शिकवते, आणि पाच गुलामांचा तास आला की माझाही आवाज खाली येतो.

आईचं मन अजून इथे रमत नाही. संध्याकाळी ती खिडकीशी बसते आणि दिवसातून एकदा तरी म्हणते, "बाईंचा दीड वरस आमच्यापायी गेला गो." मी हिशेब केलाय, ती म्हणते ते खरं आहे. ते दीड वर्ष गेलं नसतं तर बाई या घरात, लिफ्टने वर-खाली करत, काही महिने तरी राहिल्या असत्या. बाई असत्या तर आईला चांगल्या रागावल्या असत्या, उशीर माझा आहे म्हणाल्या असत्या. त्या नाहीत. म्हणून आई रोज म्हणते, आणि मी ऐकून घेते.