लाल स्विच आणि रामभाऊंच्या पोरीचं लग्न

नवा पॉवर सप्लाय डब्याच्या तोंडाशी धरला आणि कळलं, हा काही आत जात नाही. तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला. दिलीप म्हणाला, "भाऊ, जरा दाबा ना." मी म्हटलं, हा कॉम्प्युटर आहे, कपडे भरायची बॅग नाही.

महाडच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमच्याकडे बहुतेक मशिनं असेंबल केलेली, म्हणजे सुटे भाग आणून जुळवलेली. पोलादपूरच्या दिलीपने मात्र आपल्या फोटो स्टुडिओसाठी मुंबईहून कंपनीचा तयार कॉम्प्युटर आणला होता. दिसायला देखणा, चणीने लहान. मग लग्नाच्या व्हिडिओसाठी त्यात दुसरी हार्ड डिस्क, सीडी रायटर आणि कॅमेऱ्यातून व्हिडिओ उतरवायचं कार्ड घातलं.

पॉवर सप्लाय म्हणजे डब्यातली एक पेटी. भिंतीतली वीज घ्यायची, तिची बारा आणि पाच व्होल्टची बारीक वीज करायची आणि सगळ्या भागांना वाटायची, एवढंच तिचं काम. कंपनीवाले ही पेटी मोजूनमापून देतात. दिलीपने खाणारी तोंडं वाढवली, पण स्वयंपाक तेवढाच. व्हिडिओचं शेवटचं मिक्सिंग सुरू केलं की मशीन मध्येच बंद पडायचं. म्हणून मी मोठा सप्लाय घेऊन पोलादपूरला त्याच्या स्टुडिओत आलो होतो.

आता अडकलं होतं ते रामभाऊंच्या पोरीचं लग्न. रामभाऊ वरच्या वाडीतले, म्हशी पाळणारे. रोज दूध घेऊन पोलादपुरात उतरायचे. मुलगी दासगावात दिलेली. रविवारी ती नवऱ्याबरोबर मुंबईला राहायला जाणार होती आणि जाताना तिला लग्नाची सीडी हवी होती. कॅसेटवरून सगळं पुन्हा करता आलं असतं, पण या स्टुडिओवाल्यांची एक रीत होती. लग्न हार्ड डिस्कवर उतरवलं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचं. दिलीपने तर वर एक क्रिकेटची स्पर्धाही घेतली होती. म्हणजे ते लग्न आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, त्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर. हे रामभाऊंना कळल्यापासून ते दुधाचे कॅन बाकाखाली सारून माझ्या हातांकडे बघत बसले होते.

सप्लाय बाहेर ठेवून नुसत्या वायरी आत घ्याव्यात, असा विचार केला. मोठा प्लग अगदी नीट बसत होता. तरी सवयीने मीटर लावून पाहिला, तर कंपनीने प्लग चारचौघांसारखा ठेवून आतल्या वायरींचा क्रम बदललेला. तसाच खोचला असता तर मदरबोर्ड गेला असता. गिऱ्हाईकाने झक मारत आपल्याकडेच यावं म्हणून हे उद्योग. मला मनापासून राग आला.

मग मी सरळ वेगळी चूल मांडली. मदरबोर्ड जुन्या सप्लायवर राहू दिला, दुसरी हार्ड डिस्क आणि रायटर नव्यावर घेतले आणि नवा सप्लाय डब्याच्या डोक्यावर ठेवला. असा सुटा सप्लाय आपणहून सुरू होत नाही. त्याच्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडली की त्याला वाटतं, मालकाने बटण दाबलं. दोन्ही पिना यूपीएसमध्ये घातल्या. मिक्सिंग सुरू झालं आणि चालत राहिलं. मी खूश होऊन स्टँडजवळच्या खाणावळीत जेवायला गेलो.

परत आलो तर दोघेही रस्त्यावर उभे आणि स्टुडिओतून जळका वास.

झालं होतं ते असं. स्टुडिओसमोर भाताची गिरण होती. मी गेल्यावर ती सुरू झाली आणि त्या लाइनीचा जीवच गेला. यूपीएस ओरडायला लागला. त्याच्यावरचा भार कमी करावा म्हणून दिलीपने नव्या सप्लायची पिन भिंतीतल्या बोर्डात घातली. तिथे वीज इतकी कमी, की सप्लाय सुरूच होईना. मग त्याला सप्लायच्या मागे एक लाल स्विच दिसला. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५.

"स्टॅबिलायझरचा काटा एकशेचाळीस दाखवत होता," दिलीप म्हणाला. "इथे दोनशेतीस येतच नाय, तर स्विच तरी तिथे कशाला ठेवायचा?"

त्याने स्विच ११५ वर सरकवला आणि सप्लाय चक्क चालू झाला. पण ते ११५ अमेरिकेसाठी असतं, पोलादपूरच्या कमी विजेसाठी नव्हे. स्विच तिकडे केला की सप्लाय आलेली वीज आत दुप्पट करून घेतो. गिरणवाला मोटर बंद करून जेवायला गेला, वीज एकदम वर आली आणि दुप्पट होऊन सप्लाय फुटला.

रामभाऊंना यातलं काही नको होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "लगीन हाय का गेलं?"

मला माहीत नव्हतं. असा सप्लाय फुटतो तेव्हा बहुतेक वेळा स्वतःच मरतो, पुढच्याला नेत नाही. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. मी बाकी सगळं काढून ती एकच डिस्क जुन्या सप्लायला जोडली. डिस्क फिरायला लागली. फोल्डर उघडला.

खात्री करायला दिलीपने मधलाच एक तुकडा लावला. पाठवणी चालली होती. जीपच्या दाराला धरून, टॉवेलात तोंड खुपसून रामभाऊ हमसून रडत होते. बाकावरचे रामभाऊ खुर्ची ओढून पुढे आले आणि शेवटपर्यंत बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माजं तेवढं रडणं काढ रे दिलीप. घरी सांगितलंय, मी रडलो नाय."

दुपारच्या गाडीने मी महाडहून दुसरा सप्लाय आणि मोठा यूपीएस आणला. पिन लावायच्या आधी लाल स्विचवर चिकटपट्टी मारली. ती सवय तेव्हापासून कायमची लागली. वॉटचा हिशेब पुस्तकात सापडतो. गिरणवाला जेवायला कधी जातो, ते मात्र जागेवर जाऊन विचारावं लागतं.

सीडी शनिवारी दासगावला पोचली. रडणं तिच्यात तसंच होतं. दिलीप म्हणाला, कापायला वेळ कुठे होता. पुढे कधीतरी रामभाऊ भेटले तेव्हा सांगत होते, पोर मुंबईत तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावते. मग म्हणाले, "त्या दिवशी धुरळा लय होता हो."