निम्म्याचं निम्मं

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिलं भांडण मागच्या खोलीवरून झालं. देऊळगाव राजातल्या आमच्या घराची ती खोली तुरीच्या पोत्यांसाठी होती, आणि महिन्यातले चार दिवस घरातल्या बाईने बाजूला बसण्यासाठी. मी साफ सांगितलं, मी बसणार नाही. सासूबाईंनी बरेच दिवस अबोला धरला. मग त्या बोलायला लागल्या आणि ती पद्धत आमच्या घरातून गेली. मी जिंकले, असं मला वाटलं होतं. पुढे त्याच खोलीत मी माझ्या पायांनी जाऊन बसले, आणि तेही दवाखान्याच्या हुकमाने.

मुलगी दीड वर्षाची असताना माझ्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन करून ग्रंथी काढली आणि उरलंसुरलं जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यायचं ठरलं. त्यासाठी आधी मुलीचं दूध तोडावं लागलं. गोळी देणारा माणूस शिशाच्या जाड डब्यातून ती चिमट्याने काढत होता, स्वतः होईल तितका लांब उभा राहून. ज्याला हात लावायची त्याची छाती होत नव्हती, ते मी पाण्याबरोबर गिळायचं होतं. गिळलं. दुसरं काय करणार? मग काही दिवस जाड दाराच्या खोलीत एकटी. जेवण दारातून आत सरकवायचे आणि एक यंत्र माझ्या दिशेने धरून आकडा बघायचे. मला काही दुखत नव्हतं. कशाचा वास नव्हता, अंग तापलेलं नव्हतं. पण माझ्यातून काहीतरी बाहेर पडत होतं आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवडे लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहा, लेकरांची ग्रंथी कोवळी असते. मुलीला अमडापूरला माझ्या आईकडे ठेवलं होतं, पण रडून रडून तिला ताप भरला आणि नवऱ्याने तिला परत आणलं. मग मलाच ठेवायला जागा उरली ती मागची खोली.

सासूबाईंनी व्यवस्था अशी चोख ठेवली की दवाखान्याने शिकावी. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कपडे वेगळे भिजवायचे, जेवण उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. त्यांचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं होतं, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. मला आतून संताप येत होता आणि संतापायचीही सोय नव्हती, कारण सगळं बरोबरच चाललं होतं. मुलगी अंगणातून "आई, आई" करत दाराकडे धावायची. त्या तिला कडेवर उचलून गाय दाखवायला न्यायच्या.

एकदा उंबऱ्यापलीकडे बसून त्यांनी विचारलं, "हे अंगातून जाते कधी व?"

"बरंचसं लघवीतून जातं, आत्याबाई. राहिलेलं आठ दिवसांत निम्मं होतं. पुढच्या आठ दिवसांत त्याचं निम्मं."

"मंग सरते कधी?"

"सरत असं नाही. निम्म्याचं निम्मं होत जातं."

"असं कसं? विटाळ बी पाचव्या दिवशी सरते."

हा विटाळ नाही, मी म्हटलं. त्या "हाव" म्हणाल्या आणि भांडी घेऊन गेल्या. त्यांना समजलं, असं मी धरून चालले.

मी घरी आल्याच्या पाचव्या दिवशी त्यांनी बंब पेटवला, कडुलिंबाचा पाला टाकून बादलीभर ऊन पाणी दाराशी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "आज डोक्यावरून घे." रोज आंघोळ करा असं दवाखान्यानेही सांगितलं होतं, म्हणून मी मुकाट्याने न्हाले. अंगात त्राण नव्हतंच. दुपारी गाढ झोप लागली.

जाग आली ती मानेला ऊब लागून. मुलगी माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपली होती, तिच्या जुन्या सवयीने, बरोबर टाक्यांच्या जागी. उरलेलं आयोडीन तिथेच जमा होतं हे मला सांगितलेलं होतं. मी तिला बाजूला करून उठले आणि भिंतीला जाऊन टेकले. तीही उठली आणि माझ्याकडे आली. मी खाटेच्या पलीकडे गेले, ती खाटेला वळसा घालून आली. तिला तो खेळ वाटला. एवढ्याशा खोलीत मी माझ्या लेकरापासून पळत होते आणि ते हसत माझ्यामागे दुडदुडत होतं. किती दिवसांत ती असं हसली नव्हती. मी सासूबाईंना हाका मारत राहिले. गुडघे धरत त्या आल्या तोवर मुलगी रडायला लागली होती.

"न्हाली न तू," त्या गोंधळून म्हणाल्या. "पोरगी झोपत नव्हती, तुह्यासाठी जीव काढू राह्यली होती. तुले पहिल्यापासून आवडत नाही असं बसणं. म्हटलं पाच दिवस झाले, आता काऊन कोंडून ठेवू दोघीले."

"किती वेळ होती माझ्याजवळ?"

"भाकरी झाल्या माह्या. मंग भाजी केली. मंग वाळवण उचललं." त्या आठवू लागल्या आणि एकेक काम आठवताना त्यांचा आवाज बारीक होत गेला.

नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घाबरू नका, एवढ्याने बहुतेक काही होत नाही. बहुतेक म्हणजे काय, मी विचारलं. ते म्हणाले, अगदीच काही होणार नाही असं लिहून कोणी देणार नाही. दोष कोणाला देऊ? सासूबाईंवर रागवावं तर त्यांनी माझ्यासाठीच तर केलं होतं.

सासूबाईंनी मुलीला न्हाणीत नेऊन हळद लावून धुतलं. पुन्हा धुतलं. बालाजीचं तीर्थ गळ्याला लावलं. मग माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातातून पाणी गळत होतं.

"सांग न बाई," त्या म्हणाल्या, "कायनं धुतलं जाते हे?"

जे आरपार गेलं ते कशाने धुणार?

आता मुलगी शाळेत जाते. माझे रिपोर्ट चांगले येतात. तिलाही तपासून आणलंय, डॉक्टर म्हणतात, काही नाही. मी ऐकते, मान हलवते. आणि रोज सकाळी तिच्या गणवेशाचं वरचं बटण मीच लावते. तिला येतं, तरी मीच लावते. त्या दुपारचं नाव आम्ही सासू-सुनांनी पुन्हा काढलेलं नाही.

परवा रविवारी ओट्यावर सासूबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या. मी तांदूळ निवडत होते. तेलाची बोटं केसांतून मानेवर उतरली, तिथून पुढे गळ्यावर आली आणि हळूच दाबत, चाचपत थांबली.

"आजी, गुदगुल्या होतात," लेक म्हणाली. "आई बी बटण लावताना असंच करते. तुम्ही दोघी काय शोधता तिथं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातला खडा शोधत राहिले.

"काही नाही व माय," त्या म्हणाल्या, आणि वेणी घालायला लागल्या.