ताकातला पाला

माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या नानाला, निर्व्यसनीपणाचा भारी माज. कुठे सोयरीक जुळवायला बसला की पोराच्या शिक्षणाआधी सांगणार, "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही." गावात कोणी पिऊन पडला की याच्या जिभेला धार चढते. मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण अमळनेर तालुक्यातल्या माहेरी गेले की हे कीर्तन दर वेळी ऐकावंच लागतं. आणि ऐकवणारा कोण? सकाळचा ग्लास हातात पडेपर्यंत ज्याचा जीव थाऱ्यावर नसतो, तो.

ग्लासात दारू नव्हती हो. ताक होतं. ताकात हिरवा पाला होता.

झालं असं, की नाना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि कंबर धरून बसला. डॉक्टरने कडक गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या, थोड्या दिवसांपुरत्या. पुढे घेऊ नका असं बजावलंही. पण ऐकेल तो नाना कसला! मेडिकलवाला ओळखीचा. कंबर बरी झाली तरी गोळी सुरूच. गोळीने पोट गच्च बसलं, तर घरात इसबगोल, एरंडेल, कोमट पाणी, सगळे प्रयोग झाले. गोळीवर मात्र कोणाचा संशय नाही. दिवसभर ओट्यावर पेंगायचं आणि अंग खाजवायचं, हा उद्योग. एकदा गोळ्या संपल्या. नाक गळायला लागलं, अंगावर काटा, जुलाब, पाय जागेवर ठरेनात. शहाणा माणूस घाबरला असता. आमचा नाना खूश! फोनवर मला म्हणतो, "अक्का, एक दिन बंद करी तं बठ्ठं आंग तुटस. म्हंजे औषध खरं शे!"

आता कपाळ बडवून घ्यावं की नाही माणसाने? अरे, दारुड्याचंही असंच होतं. पण त्याला निदान गाव दारुडा म्हणतं.

पुढे मेडिकलवाला डॉक्टरची चिठ्ठी मागायला लागला. मग नानाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कामाला लागला. मोबाइलवरचा विद्वान तो. त्याने कुठून तरी पाल्याच्या भुकटीचं पार्सल मागवलं. क्रॅटम म्हणे तिचं नाव.

"आत्या, एकदम नैसर्गिक आहे. कॉफीच्या कुळातलं झाड. तिकडे परदेशात लोक पानं चघळून शेतात राबतात."

"धोतराही वांग्याच्याच कुळातला आहे," मी म्हटलं. "घाल मग उद्याच्या भरतात."

तो हसला. आत्या गंमत करते असं वाटलं त्याला. भुकटी कडूजहर, म्हणून ती ताकात घ्यायची. गोळी सुटली म्हणून घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मी परोपरीने सांगितलं, बाबांनो, अफू मेंदूत जिथे जाऊन बसते तिथेच हा पाला बसतो, सवयही तशीच लावतो. पालथ्या घड्यावर पाणी. नानाचं आपलं एकच, "हाई काय व्यसन शे का, अक्का? झाडना पाला शे." जशी काही अफू कारखान्यात उगवते!

हे नानापुरतं असतं तर मी म्हटलं असतं, करावे तसे भरावे. पण त्या घरात भाच्याची बायको माहेरी बाळंत होऊन परत आली होती. ती जळगावची, चांगली शिकलेली. अहिराणी तिला कळते, पण बोलते मराठीतच, आणि सासऱ्यासमोर तर तेही नाही. पोरीला घेऊन आली आणि कंबर दुखते एवढं म्हणाली, तर सासूने ताकाचा ग्लास तिच्याही पुढे केला. मायेनेच केला असेल. आमच्याकडे मायेला डोकं नसतं.

मला याचा पत्ता लागला हिवाळ्यात, शेतातल्या भरीत पार्टीला गेले तेव्हा. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चाललेलं, बायका पुऱ्या लाटताहेत, लाकडी बडगीत भरीत ठेचण्याची धपधप, आणि एवढ्या गलक्यात बाजेवर पोरगी गाढ झोपलेली. जो तो कौतुक करतोय. "काय शानी पोर शे! रडणं माहीतच नही." कोणी म्हणालं, आजोबावर गेली. नाना मिशीतल्या मिशीत हसला.

मला मात्र ही झोप खरी वाटेना. जवळ जाऊन दुपटं काढलं. लंगोट कोरडा ठणठणीत. सुनेला विचारलं, दूध कधी प्यायली?

"सकाळपासून ओढतच नाहीये. छान झोपलीय म्हणून उठवलं नाही, आत्या."

मी पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. मग श्वास पाहिला. एक घेतला, आणि दुसरा येईपर्यंत माझाच जीव जायची वेळ आली.

"तू काय घेतेस?"

ती सासूकडे बघायला लागली.

"तिकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ!" मी ओरडले.

"तेच... ताकातलं. नाही घेतलं तर पाय तुटतात."

वांगी तशीच टाकून आम्ही गाडी जळगावच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी पोरीला ऑक्सिजन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, आई कुठलं औषध घेते? तर आमचा नाना, सख्खा आजोबा, छाती पुढे काढून म्हणतो, "काहीच नाही मॅडम. आमचं घर निर्व्यसनी आहे."

नात तिथे श्वासासाठी झगडतेय आणि याला अब्रू सुचते! गटारात पडलेल्या माणसाची मला कधी आली नाही एवढी किळस त्या क्षणी पाठच्या भावाची आली. मी तोंड उघडणार, तोच सून बोलली. पाला, ताक, कधीपासून, सगळं सांगून टाकलं तिने. 

पोरगी वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाला दुधातून पोरीत उतरतोय, आईचं दूध सध्या बंद. आईने पाला मनाने एकदम सोडायचा नाही, त्यांच्या देखरेखीखाली सोडायचा. आणि पोरगी काही दिवस चिडेल, रडेल, तयारी ठेवा. सुनेने ते दिवस काढले. नाक गळतंय, अंग शहारतंय, शालीत गुरफटून कुडकुडतेय, आणि मांडीवर पोरगी. भाच्याला मी म्हटलं, दुधाची बाटली धुवायला तरी शिक, विद्वाना. शिकला बिचारा.

मीही नानाच्या घरीच मुक्काम ठोकला. पोरगी अशी बोंबलायची की गल्ली डोक्यावर घ्यायची. एका सकाळी नाना ओट्यावर बसला होता, हातात ग्लास, ग्लासात हिरवं ताक. हो, त्याचं चालूच होतं. पोरीने भोकाड पसरलं तशा त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"नजर लागनी का काय इले? पहिले कशी शानी पोर व्हती."

सून पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी तिने एक अख्खं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"शहाणी नव्हती, नाना," ती म्हणाली. "मरत होती."

नानाने ग्लास खाली ठेवला. पोरगी रडतच होती. तिला कोणी गप्प केलं नाही.