दोघांनी मिळून न्यायचे कोयते

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिण्याचीही ही पहिलीच वेळ. शिवाय जिवल्याआजाच्या जाण्यात माझाही हात आहे. वाचून कुणाला राग आला तर तो रास्तच असेल. तरी माफ करावं.

आजा तलासरीकडच्या आमच्या पाड्यातली भांडणं मिटवायचा. मारामारी झाली की आधी दोन्हीकडचे कोयते मागून घ्यायचा आणि स्वतःच्या ओटीवर खुंटीला टांगायचा. ते न्यायला दोघांनी मिळून यायचं. एकट्याला तो कधी देत नसे. लहानपणी मी पाहिलंय... एकाचं डोकं फुटलेलं, दुसऱ्याचे दोन दात पडलेले, आणि दोघं अंगणात मान खाली घालून उभे. आजा म्हणाला, "हसा पयले." दोघं पायाने माती उकरत राहिले. "मंग जा घरी. खुंटीला काय ओझं नाय झालं." चौथ्या खेपेला दात पडलेला बोलायला गेला, तोंडातून नुसती शिट्टी निघाली, आणि दोघांनाही हसू फुटलं. कोयते तेव्हा मिळाले.

गेल्या हिवाळ्यात भिवा आणि रमेश या चुलतभावांत बांधावरच्या मोहाच्या झाडावरून जुंपली. भिवाने रमेशच्या बैलाचा पाय तोडला. रमेशने भिवाचं कुडाचं घर पेटवलं. पोरं आत नव्हती म्हणून वाचली. दोघांचे कोयते खुंटीला गेले. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, डहाणूच्या कोर्टात मध्यस्थी कशी चालते ते बघायला जायचो. मीच दोघांना तिकडे नेलं. मध्यस्थ वकीलबाई चांगल्या होत्या. दोघांशी वेगवेगळ्या खोलीत शांतपणे बोलल्या, जबरदस्ती कुणावर केली नाही. ठरलं ते असं: बांध सरळ करायचा, झाड रमेशकडे, मोहाची फुलं निम्मी निम्मी. भिवाने मान न उचलता सही केली. ती न उचललेली मान मी पाहिली होती... पण मला सहीच दिसली.

त्याच संध्याकाळी मी आजाकडे गेलो. "भिवाचा कोयता दे. शेतात राब भाजायला फांद्या तोडायच्या आहेत त्याला."

"रमश्या कुठं हाय?"

"तो उद्या येईल."

"मंग उद्याच देईन."

"कोर्टात कागद झालाय, आजा. आता तुला कोयता ठेवता येत नाही." हे मी कुठेही वाचलं नव्हतं.

"हसले का रं दोघं?"

"हसायचं कलम नसतं, आजा."

तो स्वतःच हसला. "वकील झालास बग." मग उठून त्याने कोयता काढला आणि माझ्या हातात दिला. "तूच ने. माज्या हातनं नाय."

सकाळी ओरडा ऐकून मी धावलो. रमेश कागदाप्रमाणे बांधावर खुंट ठोकत होता आणि भिवा कोयता उपसून त्याच्यावर चालून जात होता. आजा मधे उभा राहिला, दोन्ही हात वर करून. "सरक, आजा... सरक ना!" भिवा रडत ओरडत होता, आणि वार करत होता. पहिला वार पंजावर बसला, बोटं बांधावर पडली. दुसरा मानेवर. मी गमछा दाबून धरला. रक्त बोटांमधून गरम येतच राहिलं. रिक्षा डांबरी रस्त्याला लागायच्या आत आजा गेला.

जबाबात मी कोयत्याचं सगळं सांगितलं. त्यानंतर पाड्यात गेलेलो नाही. भिवाचा कोयता पोलिसांकडे आहे, रमेशचा अजून खुंटीलाच. आज आईचा फोन आला. काल रमेश आपला कोयता मागायला गेला होता. आजाची बायको, आमची आजी, त्याला रागावली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दोगं या, मंग देते."

तो खूप वेळ अंगणात उभा होता म्हणे. आणि आज सकाळच्या एसटीने तुरुंगात गेलाय, भिवाला भेटायला.